पेनाचे टोपण

बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात तीस वर्षे काढल्यामुळे कोणताही आकडा नोंदल्याशिवाय मला चैन पडत नाही. २०१९ मध्ये पत्नीला मधुमेह असल्याचे निदान झाले आणि रक्तातील साखर मोजण्याचे मशीन घरी आले, त्याच दिवशी मी एक निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घातली. तारीख, वेळ, नाव, उपाशीपोटी की जेवणानंतर, आकडा आणि शेरा असे सहा रकाने आखले. मशीन एकीसाठी आणले होते, त्यामुळे नावाच्या रकान्याचे खरे तर काही कारण नव्हते. पण तो आखला, आणि चार वर्षांत त्यात अकरा नावे जमा झाली.

आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या तळ्याभोवती सकाळी चालणाऱ्यांचा आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, आणि निम्म्यांना साखर. रविवारी चालून झाले की मंडळी आमच्याकडे येत, उपाशीपोटी बोट टोचून घेत आणि मग पोहे-चहा होई. साखर मोजल्याशिवाय पोहे नाहीत, असा आमचा थट्टेचा नियम होता. लॅबमध्ये दर वेळी पैसे कशाला घालवायचे, हा त्यामागचा विचार, आणि घरचे मशीन चार लोकांच्या उपयोगी पडते याचे मला समाधानही होते. पत्नीबरोबरच माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई, ऐरोलीहून येणारे मेहुणे आणि तळमजल्यावरच्या काकू हेही अधूनमधून असत.

ज्यांनी हे साधन हाताळलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मशीन वेगळे आणि टोचणीचे पेन वेगळे. पेनाचे टोपण काढायचे, आत इवलीशी सुई बसवायची, टोपण परत लावायचे, खटका ओढायचा आणि टोपणाचे टोक बोटाला टेकवून बटण दाबायचे. स्प्रिंगच्या जोराने सुई टोपणाच्या भोकातून बाहेर येते, टोचते आणि त्याच भोकातून आत परतते. मग बोट दाबून आलेला थेंब पट्टीच्या कडेला लावला की पट्टी तो शोषून घेते आणि काही सेकंदांत आकडा दिसतो. पाहुण्यासाठी मी सुई बदलत असे आणि बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसत असे. एवढे केले म्हणजे सगळी काळजी घेतली, अशी माझी खात्री होती. पत्नीची स्वतःची सुई मात्र आठवडा-आठवडा चाले, आणि गर्दीच्या रविवारी दोन-तीनदा मी सुई न बदलताच पुढच्या माणसाचे बोट टोचले, हेही इथे लिहिले पाहिजे. ‘घरचेच तर आहेत’ असे त्या वेळी मनात आल्याचे मला स्पष्ट आठवते.

१३ जुलै २०२३, गुरुवार. बाहेर पाऊस कोसळत होता आणि संध्याकाळी साडेसातला आमच्या गटातील सर्वांत ज्येष्ठ मित्राचा फोन आला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची रक्ततपासणी झाली होती.

“ती पांढरी कावीळ म्हणतात ना, ती निघाली आहे माझ्या रक्तात,” ते म्हणाले. “हिपॅटायटिस बी. मला काही त्रास नाही, पण डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून पसरतं. तुमच्याकडे मी दर रविवारी बोट टोचून घेतो, म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं.”

मी त्यांना धीर देणारे काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर पेन हातात घेतले, टोपण फिरवून काढले आणि पत्नीच्या भरतकामाच्या भिंगाखाली, टेबलावरच्या दिव्याच्या उजेडात आतून पाहिले. भोकाच्या आतल्या कडेला, जिथे सुई ये-जा करते तिथे, तपकिरी रंगाची एक बारीक कड धरलेली होती. प्रथम ती प्लॅस्टिकचीच घडण वाटली. टाचणीने खरवडल्यावर तिची भुकटी पडली. चार वर्षांत मी सुया बदलल्या, पट्ट्या बदलल्या, मशीनची बॅटरीही बदलली, पण टोपण आतून एकदाही धुतले नव्हते.

त्या रात्री मी निळी वही काढली. अण्णांची पहिली नोंद मार्च २०२३ मधली, शेवटची ९ जुलैची. एकूण चौदा रविवार. प्रत्येक रविवारी त्यांच्या नंतर कोणाचे नाव आहे ते लाल पेनने वेगळे काढत गेलो. साखरेचा हिशेब ठेवण्यासाठी घातलेली वही आता कोणाच्या रक्तानंतर कोणाचे बोट टोचले गेले याचा दाखला झाली होती. ९ जुलैची तीन नावे लागोपाठ होती : अण्णा १४२, पत्नी १३१, तळमजल्यावरच्या काकू १६७. आणि त्यानंतर सोमवार ते गुरुवार रोज पत्नी.

शुक्रवारी सकाळी वही घेऊनच आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, “नऊ तारखेला आज किती दिवस झाले?” पाच. हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते पुढच्या अर्ध्या तासात कळले. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि त्यासाठी रक्त डोळ्यांना दिसण्याइतके असावे लागत नाही. म्हणजे दर रविवारी येणाऱ्या माणसाचा विषाणू टोपणाच्या कडेवर पुढचा रविवार उजाडेपर्यंत तग धरू शकत होता. स्पिरिटने बोट पुसल्याने त्वचेवरचे जंतू मरतात, पण वस्तूला लागलेल्या रक्तातील या विषाणूवर त्याचा भरवसा धरता येत नाही. तिथे ब्लीचचे योग्य प्रमाणातील द्रावण लागते. पण पेन कितीही स्वच्छ केले तरी ते दोन माणसांत वापरायचेच नसते, हे त्यांनी लगोलग बजावले. सुई बदलली तरीही नाही.

मी आकडे विचारले, सवयच तशी. त्यांनी सांगितले की, दवाखान्यात काम करणाऱ्यांना वापरलेली सुई चुकून टोचते तेव्हा, लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता साधारण ६ ते ३० टक्के असते, सी प्रकाराची २ टक्क्यांहून कमी आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. हे आकडे इंजेक्शनच्या पोकळ सुईच्या अनुभवावरचे आहेत. बोट टोचायची सुई भरीव असते आणि तिच्यावर रक्त फार थोडे राहते, त्यामुळे आमचा धोका याहून कमी मानता येईल. शिवाय प्रौढ वयात लागण झालीच तर बहुतेकांचे शरीर विषाणू हटवते. शंभरात पाचांहून कमी जणांत तो कायमचा राहतो. नवजात बाळांत मात्र हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते. अण्णांच्या रक्तात हा विषाणू बहुधा कित्येक वर्षांपासून, कदाचित लहानपणापासून असावा, आणि ना त्यांना ना घरच्यांना त्याचा पत्ता होता.

सात दिवसांचे महत्त्व उपचारासाठीही होते. रक्ताचा संपर्क झाल्यानंतर जितक्या लवकर, शक्य तर २४ तासांत, लसीचा पहिला डोस आणि त्यासोबत तयार प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोबुलिन, द्यायचे असते. टोचलेल्या जखमेनंतर सात दिवस उलटले की त्याचा उपयोग होईल असे धरत नाहीत. पत्नी आणि काकू यांना ते द्यायचे ठरले. त्याआधी दोघींचे रक्त घेतले, कारण बाहेरून दिलेली प्रतिपिंडे शरीरात गेल्यावर तपासणीत तीच दिसतात आणि मूळची स्थिती कळत नाही. मात्रा वजनावर असते, किलोमागे ०.०६ मिलिलिटर, पत्नीचे वजन अठ्ठावन्न किलो, म्हणजे साडेतीन मिलिलिटर. नेरूळमध्ये ते औषध मिळाले नाही. वाशीच्या एका औषधविक्रेत्याकडून बर्फाच्या पिशवीत गुंडाळून आणले, काही हजारांचे बिल झाले आणि सानपाड्याच्या पुलाखाली पाणी तुंबल्यामुळे रिक्षात पाऊण तास ती पिशवी मांडीवर धरून बसलो. त्याच संध्याकाळी दोघींना एका बाजूला लस आणि दुसऱ्या बाजूला इम्युनोग्लोबुलिन मिळाले.

काकूंना हे सांगायला जाणे अण्णांचा फोन ऐकण्यापेक्षा अवघड गेले. नाव सांगायचे नाही, एवढे मनाशी ठरवून गेलो होतो. “आमच्या पेनाने ज्यांची बोटे टोचली, त्यांपैकी एकाला रक्तातून पसरणारी कावीळ निघाली आहे, आणि चूक माझी आहे,” असे सरळ सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “ते दुसरं तर नाही ना?” दुसरे म्हणजे एचआयव्ही. पुढच्या दोन दिवसांत मी आणखी सहा फोन केले आणि प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या शब्दांत हाच प्रश्न विचारला. एका मित्राने फोनवर आवाज चढवला, “तुम्ही हिशेबी माणूस, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” असे म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. रविवारी तळ्याकाठी मात्र अण्णांनी स्वतःच सगळ्यांसमोर सांगून टाकले. लोकांनी नावाबद्दल तर्क करत बसावे हे त्यांना नको होते.

त्या काळात घरात जे झाले ते सांगायला मला लाज वाटते. अण्णा पुढच्या आठवड्यात घरी आले तेव्हा मी नकळत त्यांच्यापुढे कपबशीऐवजी कागदी ग्लासात चहा ठेवला. ते काही बोलले नाहीत, ग्लास उचलला आणि प्यायले. त्यांना सोडून आल्यावर पत्नी म्हणाली, “डॉक्टर तोंडावर म्हणाले होते, जेवणातून, भांड्यातून, मिठी मारल्यानं होत नाही. तुम्हीच ऐकून आलात.” तिने माझ्या वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले : चहा कपातून. ज्या वस्तूंवर रक्त लागू शकते, म्हणजे वस्तरा, दात घासायचा ब्रश, नखे कापायचे यंत्र, त्या तेवढ्या वेगळ्या ठेवायच्या असतात. आणि नेमक्या त्याच वस्तू आम्ही पूर्वीपासून बिनदिक्कत एकमेकांच्या वापरत होतो.

घरातल्या बाकीच्यांच्या तपासण्यांत एक अनपेक्षित गोष्ट निघाली. प्रत्येकाच्या तीन तपासण्या केल्या होत्या : विषाणूचे पृष्ठभागावरचे प्रथिन, त्याच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे आणि संरक्षण देणारी प्रतिपिंडे. पहिली एकटी केली असती तर आम्हा सर्वांचे अहवाल सारखे, नकारार्थी दिसले असते. आईच्या बाबतीत मात्र दुसरी आणि तिसरी होकारार्थी आली. लॅबचा तो कागद पाहून माझे हातपाय गळाले. आमच्या पेनानेच हे झाले, असे मी धरून चाललो. डॉक्टरांनी त्यावर नव्या लागणीची खूण दाखवणारी आणखी एक तपासणी सांगितली आणि ती नकारार्थी आली. म्हणजे आईला हा आजार आयुष्यात कधीतरी पूर्वी होऊन गेला होता, तिच्या शरीराने तो परतवला होता आणि घरात कोणाला कळलेही नव्हते. “गावाला मला एकदा पिवळं पडलं होतं, तेव्हा तुझ्या आजीनं उसाचा रस पाजला होता,” एवढेच ती म्हणाली. ती हीच कावीळ होती की दुसरी, ते आता कोणी सांगू शकणार नाही. माझ्या स्वतःच्या रक्तात थोडी संरक्षक प्रतिपिंडे निघाली. नोकरीत असताना बँकेच्या शिबिरात लस घेतली होती आणि तिसरा डोस बुडवला होता, असे मला आठवते.

पुण्याला असलेली मुलगी या काळात मला जुने अहवाल वाचायला पाठवत असे. झोप उडालेल्या माणसाला असले वाचन देऊ नये, पण मला त्याचा उपयोग झाला. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील एका रुग्णालयात मधुमेहींमध्ये हिपॅटायटिस बी पसरला, तेव्हा तपास स्प्रिंगच्या टोचणीपर्यंत पोहोचला होता. तिथेही सुई बदलूनही बोटाला टेकणारा पुढचा भाग प्रत्येक रुग्णामागे बदलला जात नव्हता. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील वृद्धांच्या एका निवासात साखर मोजताना साधने सामाईक वापरली गेली, त्यात आठ जणांना लागण झाली आणि सहा जण दगावले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने बोट टोचण्याचे साधन एकाहून अधिक व्यक्तींसाठी कधीही वापरू नये, असा इशारा पुन्हा दिला. मी सकाळी पोह्यांबरोबर जी सेवा पुरवत होतो, तिच्याबद्दलचा इशारा आमचे मशीन विकत घेण्याच्या नऊ वर्षे आधी लिहून झाला होता. आमच्या मशीनच्या खोक्यातील घडीपत्रकातही, बारीक अक्षरात, तेच होते. लेखापरीक्षकाने घडीपत्रक न वाचणे, याला काय म्हणावे?

प्रतीक्षेबद्दल फार लिहीत नाही. लसीचे पुढचे डोस ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत झाले. अण्णांच्या एचआयव्ही आणि सी प्रकाराच्या तपासण्या आधीच नकारार्थी होत्या, पण वहीतील बाकी लोकांची माहिती नव्हती, म्हणून त्याही ठरावीक अंतराने पुन्हा केल्या, कारण शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडे लागतात आणि त्याआधीचा निर्धोक अहवाल फसवा ठरू शकतो. सहा महिन्यांच्या तपासणीत सगळे सुटलो. अण्णांचा मोतीबिंदू ऑगस्टमध्येच निघाला. त्यांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण कमी होते, त्यामुळे औषध सुरू न करता दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी करायची ठरले. २०१८ पासूनच्या हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि गरज पडल्यास औषधेही सरकारी रुग्णालयात मोफत आहेत, हे त्यांनीच शोधून काढले आणि आम्हाला सांगितले. काकूंचे प्रकरण मात्र लांबले. तीन डोस होऊनही मार्च २०२४ मध्ये त्यांची संरक्षक प्रतिपिंडे संरक्षणाला लागणाऱ्या किमान दहाच्या आकड्याखालीच निघाली. वय वाढल्यावर आणि मधुमेहात लसीला प्रतिसाद कमी मिळतो, असे डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना तिन्ही डोस पुन्हा घ्यावे लागले. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही; त्यामुळे दर डोसला त्यांच्यासोबत जाताना मला अधिकच अवघडल्यासारखे होई.

आता घरात पत्नीचे पेन तिचे आणि मशीनही तिचेच. आईसाठी एकदाच वापरून टाकायच्या सुया आणतो, ज्या टोचल्यावर आपोआप आत अडकून बसतात आणि पुन्हा वापरताच येत नाहीत. रविवारचे पोहे चालू आहेत, साखर ज्याची त्याने आपापल्या घरी मोजून यायची.

वापरलेल्या सुयांचा प्रश्न शेवटी लक्षात आला, आणि तो सर्वांत आधी लक्षात यायला हवा होता. चार वर्षे मी त्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकत होतो. काही झाकण लावून, काही तशाच. त्या वेळच्या घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात मोडत होत्या आणि वेगळ्या द्यायच्या होत्या. मी आता त्या कपडे धुण्याच्या द्रवाच्या जाड, रिकाम्या बाटलीत टाकतो, बूच चिकटपट्टीने बंद करतो, वर ‘सुया’ असे मोठ्या अक्षरात लिहितो आणि घंटागाडीवर हातात नेऊन देतो.

पहिली बाटली दिली तेव्हा आमच्या इमारतीचा कचरा वेगळा करणाऱ्या ताई गाडीशी उभ्या होत्या. मी विचारले, “तुम्हाला कधी सुई टोचली आहे का?” त्यांनी हातमोजा काढला. मोज्याच्या दोन बोटांची टोके फाटलेली होती. “टोचती की, महिन्यातनं एखाद्या वेळी,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांच्याच कचऱ्यात असती. चुना लावते.”

निळ्या वहीत अकरा नावे होती, बारावे त्या दिवशी लिहिले. त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तपासणी केली, अहवाल निर्धोक आला आणि पहिला डोस मी समोर उभे राहून देववला. दुसरा महिन्याने झाला. तिसऱ्याची तारीख आली तेव्हा त्यांची नेमणूक दुसऱ्या विभागात झालेली होती. घणसोलीला की कोपरखैरण्याला, ते गाडीवरच्या नव्या मुलाला ठाऊक नव्हते. मुकादमाकडे निरोप ठेवला आहे, आणि त्यांच्या नावासमोरची तिसऱ्या डोसची जागा अजून कोरी आहे.